डाव्या पानावर जर्मन, उजव्या पानावर मराठी

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले, की आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आणि सामान बांधताना माळ्यावर माझी एम.ए.ची वही सापडली, जर्मन साहित्याच्या इतिहासाची. एवढ्यावर नऊ पत्रं आली. एकाने तर माळा कोणत्या सुताराकडून करून घेतला होता तेही विचारलंय. (तो सुतार आता नाही.) बाकीच्यांपैकी तिघांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : गटे हा जर्मन कवी ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचला, असं आम्हाला शाळेत गुरुजींनी सांगितलं आणि पुढे तीस वर्षं मीही मुलांना तेच सांगत आलो. हे खरं आहे का? आणि त्याचं नाव कसं लिहायचं : गटे, गोएथे की ग्योटे?
– एक निवृत्त शिक्षक, चरई, ठाणे

उत्तर : गुरुजी, नाचणं हे आपल्याकडचं तिखटमीठ. मूळ पदार्थ मात्र अस्सल आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात ‘शाकुंतला’चं इंग्रजी भाषांतर केलं, ते १७८९ साली छापून आलं. त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ साली जर्मन भाषांतर केलं. हा फोर्स्टर पोरवयात कॅप्टन कुकच्या जहाजावरून जगप्रदक्षिणा करून आलेला गडी. म्हणजे गटेच्या हातात पडलं ते भाषांतराचं भाषांतर, तरीही त्याला भुरळ पडली. फुलं आणि फळं, स्वर्ग आणि पृथ्वी हे सगळं एकाच नावात सांगायचं तर ‘शकुंतला’ म्हणावं, अशा अर्थाचं एक छोटं मुक्तक त्याने लगेच लिहिलं. पुढे १८३० साली शेझी या फ्रेंच पंडिताने मूळ संस्कृतासह आपली आवृत्ती त्याला पाठवली, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने पुन्हा भरभरून पत्र लिहिलं. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या आरंभी नाटकमंडळीचा मालक, कवी आणि विदूषक यांची जी बाचाबाची आहे, ती आपल्या सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून सुचली असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं १८८० साली. तोवर गटेला जाऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. तेव्हा मुलांना जे सांगितलंत त्यातलं ‘नाचला’ तेवढं खोडा.

नावाचं म्हणाल तर तोंडाने ‘ए’ म्हणा आणि म्हणता म्हणता ओठांचा चंबू करा. जो आवाज निघेल त्याला देवनागरीत अक्षर नाही. ‘ग्योटे’ त्यातल्या त्यात जवळ जातं, ‘गटे’ मराठीत रुळलंय, आणि ‘गोएथे’ हे इंग्रजी अक्षरं बघून केलेलं आहे, ते टाळा. मी ‘गटे’च लिहिते. सवय.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी कळव्याला राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. जर्मनची बी टू परीक्षा (ए वन ते सी टू या सहा पातळ्यांतली चौथी) पास झाले आणि यंदा एम.ए. जर्मनला प्रवेश घेतला. भाषेचे तास जमतात, पण साहित्याचा इतिहास डोक्यावरून जातो. पहिल्याच आठवड्यात कालखंडांचा तक्ता हातात आला : मध्ययुग, बारोक, प्रबोधन, श्टुर्म उंड ड्रांग, क्लासिक, रोमँटिक, आणखी सात-आठ नावं. वर्गातल्या बऱ्याच मुली कॉन्व्हेंटच्या. त्यांचं शेक्सपिअर-मिल्टन झालेलं आहे, त्यांना संदर्भ पटकन लागतात. मी तक्ता पाठ करते आणि चार दिवसांनी विसरते. मला हे जमेल का? सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या नातीच्या वयाची आहेस.

तक्ता मीही पाठ केला होता. ठाण्याच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, चौथ्या सीटवर अर्धी टेकून. तोंडी परीक्षेत मला विचारलं, ‘बारोक कधी संपला?’ मी ताडकन सांगितलं, ‘१७२०.’ परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘बरं. त्या दिवशी पाऊस होता का?’ बाजूचे दुसरे परीक्षक हसले. मी घरी येईपर्यंत रडत होते. त्यांच्यावरचा राग मला बरीच वर्षं पुरला, पण त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. ही नावं मागाहून आलेल्या लोकांनी दिलेली. लिहिणाऱ्यांना त्यांचा पत्ता नव्हता. शाळेत तू संत, पंत आणि तंत कवी हे शब्द ऐकलेस ना? मोरोपंतांना आपण पंत आहोत हे पक्कं ठाऊक होतं, ‘पंतकवी’ आहोत हे नव्हतं.

हे संत-पंत-तंत तुझ्याजवळ आहेत आणि तू लिहितेस की मला संदर्भ लागत नाहीत! त्या परीक्षेनंतर मी नवी दोनशेपानी वही घेतली. डाव्या पानावर जर्मन, उजव्या पानावर त्याच सुमाराचं मराठी. आधी रागाने, मग गंमत म्हणून, आणि पुढे त्याशिवाय काही लक्षातच राहीना म्हणून. पहिली नोंद अशी : डावीकडे ‘नीबेलुंगेनलीड’, वीरांचं आणि सुडाचं महाकाव्य, साधारण १२०० साल. उजवीकडे ज्ञानेश्वरी, १२९०. मधे जेमतेम नव्वद वर्षं. ‘मध्ययुग’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे धुकं असायचं, तिथे एकदम नेवासं आलं.

पुढचं पान ल्यूथरचं. मार्टिन ल्यूथरने ‘नवा करार’ जर्मनमध्ये आणला, तो १५२२च्या सप्टेंबरात छापून निघाला. संपूर्ण बायबल १५३४ साली. ‘हे असलं जर्मन कसलं,’ म्हणून टीका झाली तेव्हा त्याने १५३० साली एक पत्रक काढून सांगितलं, की जर्मन कसं बोलायचं हे लॅटिन अक्षरांना काय विचारता, घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना आणि बाजारातल्या साध्या माणसाला विचारा, त्यांच्या तोंडाकडे बघा. आता उजव्या पानावर कोण हे सांगायला हवं का? त्याच शतकातले नाथ : संस्कृत देवाने केली, तर प्राकृत काय चोरांपासून आली? हा प्रश्न ज्या मुलीच्या कानावरून गेलाय तिला ल्यूथर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र वहीत मी शेजारी लाल शाईने लिहिलंय : ‘नाथांनी परंपरा सोडली नाही, मोडलीही नाही. ल्यूथरमुळे चर्च दुभंगलं.’ जोड्या लावताना हा लाल रंग हाताशी ठेव. सारखेपणाने गोष्ट लक्षात राहते, पण परीक्षेत आणि डोक्यात भर पडते ती फरकाने.

त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बारोकचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या साहित्याचं आहे, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझं घोडं तिथेच अडलंय.

आंद्रेआस ग्र्यूफिउस. जन्म १६१६, गाव ग्लोगाउ, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये. तो दोन वर्षांचा असताना तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं. लहानपणीच आईवडील गेले, प्रोटेस्टंट म्हणून गावही सुटलं. त्याचं एक सुनीत आहे, शीर्षकाचा अर्थ ‘पितृभूमीचे अश्रू’, आणि पुढे साल जोडलेलं : १६३६. म्हणजे कवी विशीत. तुझ्या आसपासचाच. पहिली ओळ मोठ्याने वाच : ‘व्हीअर झिंट डोख नूनमेअर गान्त्स, या मेअर डेन गान्त्स फेरहेरेट.’ आपण आता पुरते, नव्हे पुरत्याहूनही पुरते उद्ध्वस्त झालो.

आता बोटांवर मोज. ‘गान्त्स’पर्यंत सहा अक्षरं, मग थांबा, मग सात. या थांब्याला मराठीत काय म्हणतात? यती. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर तू थांबतेस, तोच. ओपिट्स नावाच्या माणसाने १६२४ साली जर्मन कवितेचं व्याकरण सांगणारी पुस्तिका लिहिली. मात्रा किंवा लघुगुरू नाही, आघात मोजायचे, हा नियम तिथून पक्का झाला, आणि मधे यती असलेलं हे लांब ओळीचं वृत्त त्या शतकाचं लाडकं झालं. पण ग्र्यूफिउसने त्या यतीचं काय केलंय बघ. ‘पुरते’ म्हणून तो थांबतो. दम खातो. आणि त्या थांब्यात त्याच्या लक्षात येतं की शब्द कमी पडला, म्हणून पुढे ‘नव्हे, पुरत्याहूनही’. ‘पुरत्याहून पुरतं’ असं काही असत नाही. ते त्याला दिसलं होतं एवढंच. बारोक म्हणजे अतिशयोक्ती, अलंकारांचा सोस, असं तुझ्या तक्त्यात असेल. इथे ती अतिशयोक्ती कुठून येते ते तुला ऐकू आलं की तक्त्यातलं वाक्य कायमचं लक्षात राहील.

पुढे मनोरे जळतायत, चर्च उलथलंय, नगरभवनाचा ढिगारा झालाय. मग एक ओळ येते : तीनदा सहा वर्षं झाली, आपल्या नद्यांचं पाणी प्रेतांनी तुंबून कसंबसं पुढे सरकतंय. तीनदा सहा, अठरा. १६१८मध्ये अठरा मिळव. साल पाठ करायला नको, कवीने गणित घालून ठेवलंय.

उजवं पान. देहू, १६३०-३१चा दुष्काळ. तुकोबा ग्र्यूफिउसहून आठ वर्षांनी मोठे. द्रव्य आटलं, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली. हे सगळं त्यांनीच सांगून ठेवलंय. इथवर दोन्ही पानं जुळतात. आता शेवट बघ. ग्र्यूफिउस सुनीताच्या अखेरच्या ओळींत म्हणतो, की मरणाहून वाईट, साथ, आग आणि उपासमार यांहूनही भयंकर अशा एका गोष्टीबद्दल मी अजून बोललोच नाही : कितीकांकडून आत्म्याचा ठेवाच हिसकावून घेतला गेला. म्हणजे बळजबरीने धर्म बदलावा लागला, श्रद्धा गेली. आणि तुकोबा? ‘बरी या दुष्काळें पीडा केली.’ दिवाळं निघालं, बरं झालं देवा, म्हणून तर तुझ्याकडे आलो. एकाच पिढीतले दोघे, दोघांच्या दारात दुष्काळ आणि मरण. एकाला देव त्यातूनच हाती लागला, दुसरा म्हणतो लोकांचा होता तोही काढून घेतला. मी हे वहीत मांडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला झोप येईना. त्यानंतर मला बारोक कधी पाठ करावा लागला नाही.

असं प्रत्येक पान भरत नाही, हेही सांगून ठेवते. गटेची ‘व्हेर्टर’ कादंबरी आली १७७४ साली. त्याच्या आदल्या वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, एवढीच उजवीकडची नोंद, आणि तिचा त्या प्रेमभंगाशी काडीचा संबंध नाही. साल मात्र विसरत नाही. आपले शाहीर रामजोशी आणि जर्मन नाटककार शिलर साधारण एकाच पिढीचे, यावरून मी एकदा दीड पान लिहिलं होतं. ते फाडून टाकलंय. केशवसुतांची ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही कविता आणि गेरहार्ट हाउप्टमानचं विणकरांवरचं नाटक मात्र शेजारी ठेवून बघ. बर्लिनच्या पोलिसांनी १८९२ साली त्या नाटकाच्या जाहीर प्रयोगाला बंदी घातली होती. आणि माझ्या तक्त्यात बाई औषधालाही नव्हती. तुझ्यात असेल अशी आशा आहे. नसेल तर दहाव्या शतकात लॅटिनमध्ये नाटकं लिहिणारी गांडर्सहाइमच्या मठातली ह्रोट्सविट डावीकडे घाल, आपली आद्य कवयित्री महदंबा उजवीकडे.

सुरुवात कुठून, असं विचारलंस. शेवटून कर. ग्युंटर आइशची ‘इन्व्हेन्टूर’ ही कविता आजच वाच, शब्दकोश न घेता. शीर्षक म्हणजे दुकानदार करतात ती शिलकी मालाची मोजदाद. कवी १९४५मध्ये अमेरिकनांचा युद्धकैदी होता, कविता प्रसिद्ध झाली १९४७ साली. ‘डीस इस्ट माइने म्युत्से, डीस इस्ट माइन मांटेल’ : ही माझी टोपी, हा माझा कोट. ए वनच्या पहिल्या महिन्यात घोकलेलं ‘माइन-माइने’! पत्र्याचा डबा, तीच थाळी आणि तोच पेला. त्यावर खिळ्याने खरवडलेलं नाव. तो खिळा लोकांच्या हावऱ्या नजरेपासून लपवून ठेवलेला. पिशवीत लोकरीचे मोजे, आणि आणखी काही, जे मी कुणाला सांगत नाही. सगळ्यात लाडकी पेन्सिलची शिसकांडी, कारण रात्री सुचलेल्या ओळी ती दिवसा लिहिते. एवढंच. तेव्हाच्या काही लेखकांचं म्हणणं होतं, की नाझींनी भाषा इतकी नासवलीय की आता जंगल तोडून मोकळी जमीन करावी आणि एकेक शब्द तपासून लावावा. तुमच्या वर्गात ‘शून्य तास’ हा शब्द येईल, १९४५ला सगळं नव्याने सुरू झालं अशा अर्थाने. आला की हळूच विचार, की हाच आइश हिटलरच्या काळात रेडिओसाठी नेमाने लिहीत होता, मग शून्य कुठलं? बाई चिडणार नाहीत, खूश होतील. उजव्या पानावर त्याच १९४७चं मर्ढेकरांचं ‘काही कविता’. ओल्या पिपातल्या उंदरांचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

तिथून एकेक पायरी मागे जा. आइश कशाला कंटाळला होता? ते वाच. ते कुणाशी भांडत होते? ते वाच. ग्र्यूफिउसपर्यंत पोचायला दोन सत्रं लागली तरी चालेल.

पुस्तकांचं सोपं आहे. रेक्लाम प्रकाशनाच्या छोट्या पिवळ्या पुस्तिका मॅक्सम्युलर भवनाच्या ग्रंथालयात बघ, काळा घोड्याला. ही माला १८६७ साली निघाली आणि तिचं पहिलं पुस्तक ‘फाउस्ट’च होतं. जुने ग्रंथ ‘प्रोजेक्ट गुटेनबेर्ग-डे’ आणि ‘डॉइचेस टेक्स्टआर्काइव्ह’ या संकेतस्थळांवर फुकट आहेत. जुन्या छापील पानांवर फ्राक्टुर नावाचं टोकदार वळण दिसेल. त्यात ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो. घाबरू नकोस, आठवड्यात सवय होते. माझ्या आजोबांना मोडी यायची, मला येत नाही. जर्मनांच्या नातवंडांचंही तेच झालंय. गंमत म्हणजे ज्या वळणाला सगळे कट्टर जर्मन समजत, ते १९४१ साली नाझींनीच ‘यहुदी अक्षरं’ ठरवून बंद केलं.

आणि नकाशा बघून गोंधळू नकोस. जर्मन साहित्य म्हणजे जर्मनी देशाचं साहित्य नाही. तो देशच १८७१चा. काफ्का आणि रिल्के प्रागचे, त्सेलान आजच्या युक्रेनमधल्या गावचा, हेर्टा म्युलर रोमेनियातली. तंजावरच्या भोसल्यांनी मराठीत नाटकं लिहिली तेव्हा त्यांना कुणी महाराष्ट्राचा दाखला विचारला नाही.

राहिल्या कॉन्व्हेंटच्या मुली. त्यांचा शेक्सपिअर तुला लागणारच आहे. श्टुर्म उंड ड्रांगवाली (‘वादळ आणि आवेग’, गटेच्या तरुणपणीची चळवळ) सगळी पोरं शेक्सपिअरने झपाटलेली होती. त्यांच्याकडून तो मागून घे, मोबदल्यात त्यांना यती शिकव. वही बघायची असेल तर ये, पत्ता अंकाच्या कार्यालयातून मिळेल. झेरॉक्स मात्र देणार नाही.

प्रश्न : माझं वय बहात्तर. नात बी.ए. झाली. तिला जर्मनचा नाद आहे. मुलगा आणि सून म्हणतात, भाषेच्या परीक्षा दे, सी वन कर आणि कंपनीत लाग. ती म्हणते, एम.ए. करून साहित्यच शिकायचं. दोन्ही बाजूंनी मलाच साक्षीला बोलावतात. तरुणपणी आम्ही नाटकं पुष्कळ पाहिली, पु.लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’ अजून आठवतो. पण जर्मन म्हटलं की हिटलरपलीकडे माझ्या नजरेसमोर काही येत नाही. स्पष्ट सांगा, साहित्याच्या इतिहासावर पोट भरतं का?
– एक आजोबा, नेरूळ

उत्तर : आजोबा, आधी पोटाचं. नुसत्या साहित्याच्या पदवीवर भरत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची कुठलीही कंपनी तुमच्या नातीला बारोकबद्दल विचारणार नाही. पातळी विचारेल : बी टू की सी वन. शिकवायचं असेल तर कॉलेजात एम.ए. आणि नेट-सेट लागतं, नेटला जर्मन हा विषय आहे. भाषांतराच्या कामाला कुणी पदवी बघत नाही, नमुन्याचं पान बघतात, आणि ते पान चांगलं उतरायला साहित्य वाचलेलं असावं लागतं. कराराच्या मसुद्यात किंवा यंत्राच्या माहितीपत्रकातसुद्धा वाक्य कुठे वळतंय हे ज्याला कळतं त्याचं काम परत येत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत नुसते क्लास करून सी वनला अडकलेले पुष्कळ पाहिले. ज्यांनी आठवड्याला एक कादंबरी ओढत नेली ती पार झाली. हा माझा अनुभव, नियम म्हणून सांगत नाही. तेव्हा दोन्ही करू द्या, एम.ए. आणि परीक्षा. नेरूळहून कुर्ल्यापर्यंत हार्बर सरळ आहे, पुढे कलिन्याच्या विद्यापीठात जायला बस किंवा रिक्षा. जाता-येता त्या डब्यात शंभर पानं होतात, बसायला मिळालं तर.

आता तुमच्या तमाशाचं. जर्मन साहित्याचा एक मोठा तुकडा तुम्ही पैसे मोजून पाहिलात आणि मला विचारताय हिटलरपलीकडे काय! पु.लं.नी १९७८ साली तो मराठीत आणला, जब्बार पटेलांनी बसवला. मूळ नाटक बर्लिनमध्ये ३१ ऑगस्ट १९२८ला रंगमंचावर आलं. लेखक ब्रेख्त, संगीत कुर्ट व्हाइलचं. पण ब्रेख्तचंही ते पहिलं नव्हे. लंडनमध्ये बरोबर दोनशे वर्षं आधी, १७२८ साली, जॉन गेचं भिकाऱ्यांचं संगीतक गाजलं होतं. ते एलिझाबेथ हाउप्टमान या बाईंनी जर्मनमध्ये उतरवलं आणि त्यावर ब्रेख्तने आपला डोलारा उभारला. बाईंचं नाव किती जणांना ठाऊक असतं, ते नातीला विचारा. शिवाय काही गाण्यांत व्हियों या जुन्या फ्रेंच कवीच्या ओळी, त्याही दुसऱ्याच कुणी केलेल्या जर्मन भाषांतरातून उचललेल्या, नावाचा उल्लेख न करता. १९२९ साली आल्फ्रेड केर या समीक्षकाने चोरी पकडली. ब्रेख्तचं उत्तर काय? बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत! कोडगेपणा बघा. पण लंडनचे चोर बर्लिनला, बर्लिनचे मराठी तमाशात, असे फिरत गेले ते या ढिलेपणामुळे. साहित्याचा इतिहास म्हणून वर्गात शिकवतात त्यातला निम्मा भाग हाच असतो, कुणी कुणाचं काय उचललं आणि उचलताना काय बदललं.

हिटलरचंही तिथेच येतं. १९३३च्या फेब्रुवारीत बर्लिनचं संसदभवन पेटलं, ब्रेख्त दुसऱ्याच दिवशी देश सोडून गेला. १० मेला विद्यार्थ्यांनी, हो, विद्यार्थ्यांनीच, चौकात पुस्तकांची होळी केली. एरिश केस्टनर, लहान मुलांसाठी लिहिणारा लेखक, गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तकं आगीत पडताना बघत होता. तुमची नात हे शिकेल तेव्हा तिला हाइने या कवीचं एक वाक्य भेटेल, की जिथे पुस्तकं जाळतात तिथे शेवटी माणसंही जाळतात. सगळ्यांना वाटतं ते १९३३बद्दल आहे. ते १८२१च्या एका नाटकातलं आहे, आणि त्यात जाळलेलं पुस्तक आहे कुराण, ग्रॅनाडा शहरात. हे असं मागे मागे जात तपासायची सवय क्लासमध्ये लागत नाही.

घरातल्या भांडणात तुम्ही काय करायचं? नातीला मूळ ब्रेख्त आणायला सांगा, तुम्हाला तमाशातलं जे जे आठवतंय ते सांगा, गाणी असतील तर म्हणूनच दाखवा, आणि ती मूळ जर्मन ओळ काढून देईल. एखाद्या रविवारी मुलाला आणि सुनेलाही समोर बसवा. सी वनची फी मात्र मुलालाच भरू द्या, त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.